पत्रात परतीचं काही नव्हतं

शैलेंद्र सबनीस किती जपून वागायचा, ते सिंगापूरच्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. टॅम्पिनीसच्या फ्लॅटला कुलूप लावून हा गृहस्थ लिफ्टपर्यंत जायचा, परत यायचा, कुलूप ओढून बघायचा आणि मग गॅस बंद केलाय ना म्हणून तेच कुलूप उघडायचा. मंडळाच्या गणपतीत चपला सांभाळायचं काम दरवर्षी त्याच्याकडे. लोक चिडवायचे. "हसा लेको," तो म्हणायचा, "पण जाताना स्वतःच्याच चपला घालून जाल की नाही?"

आता एवढी धास्ती काही उगाच नव्हती. वन-नॉर्थ भागातल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासता तपासता पन्नाशी आली होती. इथलं राहणं नोकरीच्या पासावर, म्हणजे सरकारी परवान्यावर, आणि त्याच्या पासाला बायकोचा, म्हणजे नीताचा, आणि मुलीचा पास टांगलेला. मुलगी गार्गी लहानाची मोठी इथेच झालेली, यंदा मोठ्या परीक्षेला बसायची होती. पास गेला की तिघांनीही चंबूगबाळं आवरायचं. आणि नेमकी यंदाच पासाच्या कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड येईना, हातात पडलं ते मुदतवाढीचं एक पत्र. अर्जाचा विचार चालू आहे, तोवर इथे राहायला हरकत नाही, एवढाच त्याचा मजकूर. देशाबाहेर गेलं तर परत येता येईल का, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. शैलेंद्रने ते उलटसुलट वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली.

मंगळवारी दुपारी तो ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसला होता, तेव्हा चिंचवडहून धाकट्या भावाचा, प्रबोधचा फोन आला.

"दादा, आईचं काही खरं दिसत नाही रे. ये तू."

शैलेंद्रने हातातला घास खाली ठेवला. "बोलतेय का? दे ना तिला फोन."

"आयसीयूत आहे. आत फोन नेऊ देत नाहीत. तू निघ फक्त."

मागे प्रबोधच्या बायकोचं रडं ऐकू येत होतं. फोन बंद झाला आणि शैलेंद्र जागच्या जागी गार पडला. कारण हे सगळं त्याने एकदा ऐकलं होतं. शब्दन् शब्द हेच.

वडील गेले तेव्हाची गोष्ट. तेव्हाही प्रबोधच म्हणाला होता, बाबा सिरियस आहेत, आयसीयूत आहेत, फोन नेऊ देत नाहीत, तू निघ. हा वेडा मिळेल त्या विमानाने निघाला. वाटभर देवाला विनवत होता. विमानतळावर वडिलांच्या गुडघ्यांसाठी बामच्या चार बाटल्या घेतल्या. आणि चिंचवडला गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी वळली, तर दारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेजारीपाजारी खाली मान घालून उभे, आणि वडील तिरडीवर, त्याच्यासाठी थांबवलेले. फोन आला तेव्हाच ते गेलेले होते. बामची पिशवी हातात घेऊन शैलेंद्र भावावर जो ओरडला! "मूर्ख बनवलंत मला! मेलेल्या माणसासाठी नवस बोलत आलो मी!"

"एकटा होतास रे विमानात," प्रबोध रडत म्हणाला. "कसं सांगणार?"

आपल्याकडे हीच रीत आहे. लांबच्या माणसाला मरणाची बातमी कुणी थेट देत नाही, त्याला घरी पोचू देतात. पण शैलेंद्रच्या ते वर्मी लागलं होतं. "पुढच्या वेळी असेल ते खरं सांग," त्याने बजावलं होतं. प्रबोधने मान हलवली होती.

ती हललेली मान त्या मंगळवारी शैलेंद्रला आठवली नाही. त्याला आठवल्या त्या बामच्या बाटल्या. आई गेली, तो मनाशी म्हणाला, आणि हे परत मला लहान मुलासारखं समजावतायत. समोरचा डोसा तसाच राहिला. भरल्या सेंटरमध्ये तो हुंदके देऊन रडला. टेबलं पुसणाऱ्या म्हाताऱ्या बाईने त्याच्यापुरती जागा सोडून फडकं फिरवलं आणि टिश्यूचं पाकीट त्याच्यापुढे सरकवून ती पुढे गेली.

मग तो एचआरच्या बाईकडे गेला. ती बिचारी चांगली होती, पण तिला तरी काय ठाऊक! "लेटर सेज यू कॅन स्टे," ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "कमिंग बॅक, आय डोन्ट नो. मी विचारते, उत्तराला दोन-चार दिवस लागतील. बेटर वेट, लाह." शेजारच्या टेबलावरच्याने तेवढ्यात कुणाचीशी हकिकत सांगितली, असाच गेला आणि बाहेरच अडकला, नोकरी हातची गेली. कोण, कधी, त्याला सांगता येईना. पण भित्र्या माणसाला एवढं पुरतं.

घरी येऊन त्याने नीताला सांगितलं, "आई गेली."

"अगंबाई! प्रबोधभाऊजी म्हणाले?"

"तो कसा म्हणेल? तो म्हणतोय सिरियस आहे. बाबांच्या वेळचंच चाललंय."

"अरे मग सरळ विचार ना त्याला!"

"काय विचारू? आई मेली का म्हणून? असं विचारतं का कुणी?"

"बाबा, जस्ट आस्क हिम, लाह," गार्गी दारातून म्हणाली. तिच्यावर तो खेकसला, तुला यातलं काही कळत नाही म्हणून. सगळ्या घरात कळत होतं ते मायलेकींनाच, पण बायका-पोरींचं कोण ऐकतं!

त्याचा हिशेब सरळ होता. आई असती तर तो कार्डाची, पत्राची, नोकरीची पर्वा न करता धावला असता. पण गेलेल्या माणसाला आपण दोन दिवस आधी पोचलो काय आणि नंतर काय! दहाव्यापर्यंत कार्ड नाहीतर उत्तर येईल, तेव्हा जाऊ. बायको-पोरीला वाऱ्यावर कशाला सोडायचं? त्याने प्रबोधला लिहिलं, "माझं कार्डाचं अडलंय रे. इथून निघता येत नाही. सगळं तूच बघ." प्रबोधचं उत्तर आलं, "बघतोय. पण तू ये."

मग शैलेंद्र उठला, बाथरूममध्ये गेला आणि आईच्या नावाने डोक्यावरून अंघोळ केली. ओल्या अंगाने बाहेर येऊन देव्हाऱ्यातलं निरांजन शांत केलं आणि पडदा ओढला. घरात सुतक आलं.

बुधवारी संध्याकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा असताना फोन वाजला. प्रबोधचा व्हिडिओ कॉल. आता चेहरा दाखवतायत, त्याला वाटलं, अंत्यदर्शन घे म्हणतील. चहूकडे अनोळखी माणसं, सगळी आपापल्या फोनमध्ये मान घालून. इथे, या गर्दीत, आईचं तोंड असं बघायचं? त्याने फोन वाजू दिला. बराच वेळ वाजला. थांबला, परत वाजला. त्याने खिशात टाकला आणि वरून हात दाबून धरला.

शुक्रवारी सकाळी परत फोन आला, तेव्हा मात्र त्याने उचलला. आता प्रबोध खरं सांगणार हे त्याला ठाऊक होतं, आणि प्रबोधने सांगितलं.

"दादा, आई गेली रे. आत्ता, पहाटे."

"आत्ता?"

"परवा संध्याकाळी जरा बरी होती. बाहेर वॉर्डात आणलं होतं. शैलू निघाला का, शैलू निघाला का, एकच धोशा. म्हणून तुला व्हिडिओ लावला. तिनेच हातात धरला होता फोन. तू उचलला नाहीस. म्हणाली, ऑफिसात असेल, कामाच्या वेळी त्रास नको देऊ त्याला."

नीताने त्याच्या हातातून फोन घेतला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसून, ती सवयीनेच म्हणाली, "अंघोळ करून घे."

तो बाथरूममध्ये गेला. बादली भरून वाहायला लागली तरी तांब्या उचलवेना. ही अंघोळ त्याने केली होती. आई तिकडे दाराकडे डोळे लावून बसली होती, आणि त्याने इकडे तिच्या नावाने पाणी ओतून घेतलं होतं. "जिवंत होती गं," आतून त्याचा आवाज आला, "जिवंत होती आणि मी तिच्या नावाची अंघोळ केली!" नीताने दार ढकलून नळ बंद केला.

त्याच दिवशी तो निघाला. तेच मुदत संपलेलं कार्ड, तेच पत्र. उत्तर अजून आलं नव्हतं. एचआरच्या बाईला नुसतं कळवलं, विचारलं नाही. परत घेतलं तर घेतलं, नाहीतर नाही. तीन दिवसांपूर्वी हेच धाडस कुठे गेलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

चिंचवडला दिवस झाले, तेरावा झाला, आणि निघायच्या दिवशी बॅग गाडीत ठेवताना प्रबोध म्हणाला, "तू बजावलं होतंस ना दादा, पुढच्या वेळी खरं सांग म्हणून. मी खरंच सांगितलं होतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शैलेंद्रला सोपं गेलं असतं.

सिंगापूरला उतरल्यावर इमिग्रेशनचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. त्याला काउंटरवर पाठवलं. काउंटरवर गार्गीपेक्षा थोडीशीच मोठी दिसणारी मुलगी होती. त्याने पासपोर्ट, कार्ड आणि घडी पडून मऊ झालेलं पत्र पुढे केलं. तिने पत्र वाचलं. संगणकात बघितलं. त्याच्या मुंडन केलेल्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि सगळं परत सरकवलं.

"ओके, सर."

शैलेंद्र हलला नाही. "दॅट्स ऑल?"

"येस, सर."

"कार्ड एक्स्पायर झालंय," तो इंग्रजीतून म्हणाला. "नीट बघा. पत्रात परत येण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

तिला वाटलं, म्हातारा घाबरलाय. ती हसली, चांगलं हसली. "डोन्ट वरी, सर. यू कॅन गो."

त्याला तिने अडवायला हवं होतं. नाही चालत म्हणायला हवं होतं, बाजूच्या खोलीत बसवायला हवं होतं, पुढच्या विमानाने परत पाठवायला हवं होतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं. निदान आपली भीती खरी होती, एवढं तरी आयुष्यभर म्हणता आलं असतं. पण मागे रांग खोळंबली होती. तो कागद गोळा करून बाहेर आला.

बाहेर नीता आणि गार्गी उभ्या होत्या. गार्गी धावत आली, त्याच्या गळ्यात पडली. "बाबा! दे लेट यू इन? काही प्रॉब्लेम नाही ना झाला?"

"नाही गं," शैलेंद्र म्हणाला. "लगेच सोडलं." आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, सामानाच्या गाडीचा दांडा धरून, तो खाली बसला. "लगेच सोडलं गं मला. काहीच नाही विचारलं."