अमेरिकन की जपानी

काल मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारची तार पिळता पिळता मी तोडली. बोटांना लागलेल्या धातूच्या वासाने थेट सदाशिव पेठेतलं वाद्यांचं दुकान आठवलं.

लग्नाआधीची गोष्ट. त्या दिवशी दुपारी तीनला आमच्या नव्या कॉम्प्युटर कंपनीच्या स्नेहसंमेलनात मला वाजवायचं होतं आणि माझ्या गिटारच्या तारा गंजलेल्या. परदेशी तारा तेव्हा नुकत्याच मिळू लागल्या होत्या. मी दोन पाकिटं हातात घेऊन घुटमळत होतो.

"अहो, तारा घेताय की सोयरीक जुळवताय?" मालक खेकसले. "एकला दुकान बंद होतं."

"अमेरिकन टिकतील की जपानी?"

"तुमच्यापुढे काहीच टिकणार नाही." त्यांनी पाकिटं काढून घेतली आणि माझ्या तोंडावर शटर ओढलं.

संमेलनात मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मालकांचा संताप आला होता. आता वाटतं, त्यांनी हाकललं नसतं तर मी अजून तिथेच असतो.

हे ऐकून बायको म्हणाली, "नशीब, तुम्ही पाहायला आलात तेव्हा आमच्या घरात मी एकटीच लग्नाची होते."