छपराखालचं डुक्कर

काल कपाट आवरताना शेजारच्या कोरियन किमबाईंनी दिलेली लाकडी पाटी सापडली. तिच्यावर एकच अक्षर, मूळ चिनी, पण कोरियनमध्येही चालणारं. अर्थ, घर.

आम्ही आखातात राहायचो तेव्हा ती बैठकीच्या भिंतीवर होती. एकदा अल बर्शा भागातल्या आमच्या फ्लॅटचे अरब मालक भाडेकरार वाढवायचा की नाही ते ठरवायला आले होते. वेलचीचा चहा दरवळत होता. त्यांनी पाटीचा अर्थ विचारला. "घर" एवढं सांगून मी गप्प बसावं ना? छे! मी अक्षराच्या वरच्या-खालच्या भागांवरून बोट फिरवत समजावलं, "ये ऊपर छप्पर, नीचे सूअर."

मालकांनी कप खाली ठेवला.

"हबीबी, मेरे घर में सूअर?"

कप उचलता उचलता बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. "बस, ये एक ही है."

मालक पोट धरून हसले आणि करार झाला. पण उत्तर द्यायला तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही, याचा वैताग मला अजून येतो.