व्याहीबुवांचा गोटी पाना

सगळं जग जळगावला सोनं घ्यायला येतं. पान्याचा आवाज ऐकायला येणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्या मनीषाला पाहायला धुळ्याची मंडळी आली, तो दिवस मला अजून आठवतो. पोहे गार होत होते, मुलगा मान खाली घालून बसला होता, विहीणबाई पुन्हा पुन्हा दाराकडे पाहत होत्या आणि मुलाचे वडील बेपत्ता. रिक्षातून उतरताना होते म्हणे. शेवटी मीच शोधायला निघालो. तर स्वारी मोटारींच्या सामानाच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसलेली. डोळे मिटलेले आणि कानाशी एक चकचकीत पाना. मी ओळख करून दिली, तसं त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "दोन मिनिटं थांबा, याही. हाऊ काय सांगस ते ऐकी लिऊ." अजून मुलगी पाहिली नव्हती, पसंतीचा पत्ता नव्हता, पण त्यांनी मला तिथेच, त्या पायरीवर, व्याही करून टाकलं होतं. मग एवढं झाल्यावर मोडायचं तरी कसं?

ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नाही (माझा तोवर कधी आला नव्हता) त्यांच्यासाठी सांगतो. गोटी पाना म्हणजे एक दांडा आणि त्याला लावायच्या लहानमोठ्या पोकळ गोट्या. गोटी नटावर बसवायची आणि दांडा फिरवायचा. दांड्याच्या डोक्यात दातेरी चाक असतं, त्यामुळे तो मागे आणताना नट जागचा हलत नाही, नुसता कटकट आवाज येतो. आमचे व्याही या कटकटीवरून पान्याची जात ओळखतात. बारीक आणि सलग वाजला तर दाते बारीक, म्हणजे अडचणीच्या जागी हात जेमतेम हलत असला तरी काम होणार. जाड आणि तुटक वाजला तर, "याही, हाऊ पाना नही, खुळखुळा शे. पाळणाले टांगा." शंभर नगांची भलीमोठी पेटी दाखवणाऱ्या दुकानदाराला ते विचारत, "येमातल्या कितल्या कामन्या, आणि कितल्या बारशाले वाटाले?" गोटी सहा कोनांची हवी, बारा कोनांची झिजलेल्या नटावरून सटकते. दिशा बदलायचं बटण ग्रीसने माखलेल्या अंगठ्यानेही फिरलं पाहिजे. ते तपासायला खिशात ग्रीसची डबी असे, आणि दुकानदाराच्या नव्याकोऱ्या मालाला ते बोट लागलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई. तरी त्यांना कोणी हाकलत नसे, कारण भुसावळचा, सावद्याचा कोणी मेकॅनिक दुकानात गोंधळलेला दिसला की हे उठून त्याच्यासाठी नेमका सेट काढून देत. फक्त स्वतःसाठी त्यांना कुठलाच पसंत पडत नव्हता.

त्याचं कारण मला हळूहळू कळलं. धुळ्याबाहेर महामार्गावर एका ट्रान्सपोर्टवाल्याचं वर्कशॉप होतं, तिथे व्याहीबुवांची उमर गेली. तिथला एक जुना रॅचेट, म्हणजे तोच दातेरी चाकाचा दांडा, त्यांच्या हाताशी असे. त्यावरचं कंपनीचं नाव तळव्यांनी घासून केव्हाच पुसलं होतं, त्यामुळे तो कुठला, कोणी केलेला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढे मालकाच्या मुलांनी ट्रक विकले, जागा विकली आणि अवजारंही त्या ढिगात गेली. त्या जागेवर आता लग्नाचं लॉन आहे. हिरवळ, कारंजं, कमानीवर प्लास्टिकची फुलं. आणि आमचे व्याही त्या लॉनमधल्या कुठल्याही लग्नाला जातात. आमंत्रण असो वा नसो, इस्त्रीचा सदरा घालून जातात, वधूवरांना आशीर्वाद देतात, वाढप्यांना हातभार लावतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, "अठे मन्हा खड्डा व्हता." त्या बिचाऱ्याला वाटतं, म्हातारा काहीतरी भलतंच बोलतोय. खड्डा म्हणजे ट्रकखाली उतरून काम करायचा खड्डा, हे त्याला कोण सांगणार?

आमच्याकडे त्यांनी हुंड्याचं नाव काढलं नाही. एकच अट घातली, लग्न त्याच लॉनवर व्हायला हवं. आमच्या मंडळींनी कुजबुज केली, थाटाची हौस दिसते! मंगलाष्टकं सुरू झाली आणि वरपिता पुन्हा गायब. स्टेजच्या मागे कापड वर करून ते माझ्या मेव्हण्याला जमीन दाखवत होते. "बरोबर मधमा. प्रमोद ज्या पाटवर उभा शे ना, त्यानाच खाले." मेव्हणा म्हणाला, "आबा, अक्षता!" तेव्हा कुठे मुठीतल्या अक्षता त्यांनी मागूनच, कापडावरून स्टेजवर फेकल्या. फोटोत ते कुठेच नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड होता, तसा मी नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यावरही पाहिला नाही.

प्रमोद, म्हणजे आमचा जावई, हाही हाताचा चांगला मेकॅनिक. बापाने शिकवलेला. लग्नानंतर दोघांनी ठरवलं, धुळ्यातच आपलं गॅरेज काढायचं. शटर भाड्याने घेतलं, पाटी रंगवली, मनीषाने देवाचा फोटो लावला. राहिला फक्त गोटी पान्याचा सेट. "तो मी लयसू," असं आबा म्हणाले आणि घोडं तिथेच अडलं. आज धुळ्यात, उद्या जळगावात, परवा भुसावळला. हा वाजत नाही, तो हातात बसत नाही, तिसऱ्याची मूठ निसटते. प्रमोद उसन्या अवजारांवर काम करी आणि गिऱ्हाईक परत जाई. एकदा मी धुळ्याला गेलो होतो, तेव्हा जेवणाच्या पानावर त्याचा बांध फुटला. "आबा, मले काम करानं शे. पानानं गानं नही ऐकानं!"

 आबांनी ताट पुढे सरकवलं आणि ते उठले. मागच्या दाराशी मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी उजवा हात उघडून माझ्यापुढे धरला. "याही, काय करू? मन्हा हातमा अजून तोच शे."

पुढे मनीषाचा फोन आला. पुण्याच्या एका कारखान्यातून प्रमोदला बोलावणं आलं होतं, आणि तो जाऊ का विचारत नव्हता, कधी जाऊ असं विचारत होता. मी गिरणीत रजा टाकली. डाळीची गिरणी माझ्यावाचून एक दिवस सहज चालते. आबांना फोन करून सांगितलं, पहिल्या बसने या. ते आले. गल्लीतल्या त्याच पायरीवर आम्ही बसलो. दुकानदाराने सेट मांडले. मी म्हटलं, "व्याहीबुवा, आज घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोरं जातील."

त्यांनी एक दांडा उचलला, कानाकडे नेला आणि अर्ध्यावर थांबवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याही, तुम्हना हात दखाडा." मी हात पुढे केला. माझा हात ऑफिसातला, लांबट बोटांचा. तो त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. "प्रमोदना हात असाच शे. माय वर गया तो." आणि मग त्यांनी एकेक पाना माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. आवळा. सोडा. अंगठा पुरतो का? मनगट वळतं का? मूठ टोचते का? डोळे मिटणं नाही, ऐकणं नाही, ते फक्त माझ्या बोटांकडे पाहत होते. जो सर्वात हलका आणि सोपा वाटला, तो सेट त्यांनी दुकानदाराकडे सरकवला. "हाऊ बांधी दे." पेटी मांडीवर घेतल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "इतला दिन मी मन्हाच हातले इचारत बठनू."

धुळ्याला पोचलो तेव्हा प्रमोद ओसरीवर बसला होता. त्याने सकाळीच पुण्याला होकार कळवला होता. मनीषा माझ्याकडे पाहीना. आबांनी पेटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने उघडली, दांडा हातात घेतला, एकदा फिरवला, आणि त्याला ते लगेच कळलं. मान खाली घालून तो म्हणाला, "आबा, आते..." आबांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "लई जा. तठेबी नट-बोल्टच शेतस ना?"

ती दोघं गेली. कारखान्यात सगळी हवेवर चालणारी यंत्रं, हाताचा पाना लागतच नाही म्हणे. पण रविवारी वसाहतीतले लोक आपापल्या दुचाक्या घेऊन प्रमोदच्या दाराशी येतात, तेव्हा पेटी उघडते. मनीषा सांगते, पेटीतल्या एकाही गोटीला तो कोणाला हात लावू देत नाही.

व्याहीबुवांना आता जळगावला यायचं कारण उरलेलं नाही, तरी ते येतात. माझी जुनी स्कूटर अंगणात बरीच वर्षं बंद पडून होती. एके दिवशी त्यांनी ती माझ्याच घरच्या गंजक्या पान्यांनी खोलली. गिरणीतली पोती पसरून सगळे भाग मांडले. आमच्या हिला उडदाचे पापड वाळवायला जागा राहिली नाही. ती दोन दिवस कुरकुरली आणि तिसऱ्या दिवशी धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं त्यावर घालू लागली. जोडायचं कधी, म्हणून मी विचारलं. "एकटा माणूसनं काम नही शे, याही. प्रमोद येई तव्हय जोडसूत." ते काम त्यांचं एकट्याचं, दुपारच्या चहाआधी संपणारं. हे मलाही आता समजतं. 

परवा प्रमोदचा फोन आला, दिवाळीला सुट्टीचं अजून नक्की नाही. आबा म्हणाले, "राहू दे, घाई नही शे. इंजिन काय पाय फुटीसन पयी जास का?" आणि फोन माझ्याकडे देऊन ते एकेक भाग पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवत बसले.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. स्कूटर पोत्यावर, म्हणून चालतच गेलो, रमतगमत. धुळ्याची गाडी लागलेली होती. खिडक्यांतून रिकामी बाकं सरळ दिसत होती. आबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कठड्यावर टेकले.

"गर्दी दिसस," ते म्हणाले. "पुढनी गाडीवर जासू."

"हो, फारच गर्दी आहे," मी म्हटलं आणि त्यांच्याशेजारी बसलो.