देवघरात पेरलेली वांगी

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी शिकवते की रोपाला उजेड लागतो. फळ्यावर सूर्य काढते, पान काढते, बाण दाखवते. आणि त्याच मी गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंचं निम्मं बी अंधारात पेरलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं वांगं बुटकं, काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचं. अणदूरकडच्या आमच्या शेतात त्या नांदायला आल्यापासून ते लावत होत्या, दर सालचं बी घरचंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे कळंबला, दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. शेतात सगळं सोयाबीन झालं. बियांसाठी ठेवलेली फळं आदल्या पावसाळ्यात झाडावरच सडली होती. उरलं होतं ते एका पुरचुंडीत, राखेत घोळलेलं, चिमूटभर बी. ते उगवलं नाही तर ते वांगं कायमचं संपलं, इतकं सरळ होतं.

"तुझ्यानं व्हईल का?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. मी विज्ञानाची बाई! "न व्हायला काय झालं, आत्याबाई?" म्हटलं आणि निम्मं बी मागून घेतलं.

मे महिना, बाहेर ऊन मी म्हणत होतं. श्रीखंडाच्या डब्यात माती भरली, बी पेरलं आणि डबा नेऊन ठेवला स्वयंपाकघरालगतच्या अंधाऱ्या देवघरात. का, असा प्रश्नच पडला नाही. आमच्याकडे घरात काही उगवायचं म्हटलं की हात तिकडेच वळतो. नवरात्रात तिथंच घट बसतो. मातीत धान्य पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा, रोज पाणी घालायचं. नऊ दिवसांत वीतभर पिवळी रोपं येतात, आणि जितकी उंच, जितकी पिवळी, तितका घट चांगला उगवला म्हणायचं.

वांगी आठव्या दिवशी उगवली. दोन दिवसांत चांगली बोटभर उंच झाली, फिकट, नाजूक. मी हरखले. नणंदेला फोटो पाठवला. आत्याबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिलं. मी रोज सकाळी न चुकता पाणी घालत होते.

चौथ्या दिवशी रोपं आडवी. मातीलगत देठ ओल्या दोऱ्यासारखा झालेला, मातीवर पांढरी बुरशी, वर चिलटं.

त्या दिवशी मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त माझं कुठे चुकलं हे कळत नव्हतं म्हणून चिडचिड होत होती. शेवटी शाळेतलं भिंग आणलं, डबा पुढ्यात घेतला आणि एकेक रोप बघत बसले. एकच जिवंत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अंगाला होतं ते, तिकडेच मान वाकडी करून वाढलेलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. घटाची रोपं उंच असतात ती उजेड शोधून शोधून, पिवळी असतात ती तो न मिळाल्यामुळे. त्यांना नऊच दिवस जगायचं असतं. दसऱ्याला आपण ती टोपीत नि केसांत खोवून मोकळे होतो. पुढं त्यांचं काय झालं असतं, हे आमच्यात कुणी बघितलेलंच नाही!

आत्याबाईंना सांगितलं तर त्या हसल्याच. "मी बी खुळीच की गं. वाफ्यात एवढं उंच रोप कवा बघितलं न्हाय, अन् हितं बघून हुरळले." मग त्यांनी उशाखालची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे समदं. ठिवून तरी काय करू?"

मला खरंच भीती वाटली. आता चुकायला बीच उरलं नव्हतं.

या वेळी पाणी तुंबून देठ कुजू नयेत म्हणून तापवलेल्या दाभणानं दोन डब्यांना भोकं पाडली. माती गच्चीवर पसरून दोन दिवस चांगली तापवली, त्यात वाळू मिसळली. डबे पाण्याच्या ताटात ठेवून खालूनच पाणी पाजलं, आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाजलं नाही. कोंब दिसले त्याच दिवशी डबे पूर्वेच्या खिडकीत गेले. रोपं एकीकडे झुकू नयेत म्हणून रोज फिरवत राहिले. चिलटं आली तेव्हा आत्याबाईंनी मातीवर राख भुरभुरली. त्या खुर्चीवर बसून रोपांवरून हलकेच तळहात फिरवायच्या. "वारं लागाय पायजे," म्हणायच्या. मला पटेना. म्हणून एका डब्यावर हात फिरवू दिला, दुसऱ्याला लावू दिला नाही. पंधरा दिवसांनी बघितलं तर हात फिरलेल्या डब्यातले देठ खरोखर जाड होते.

सात रोपं जगली. गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत ती वाढली, फुलली. माझ्या तोंडाला भरल्या वांग्यासाठी पाणी सुटलं होतं, पण सगळ्यात देखण्या फळाला आत्याबाईंनी लाल दोरा बांधला. ते बियांचं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

गणपतीनंतर ते झाडावरच पिवळं पडलं. शेजारीण आली होती, तिनं विचारलं, "मावशी, हे बी कुठलं हो? मला द्याल का थोडं?"

आता आत्याबाई शेताचं, लग्नाचं सगळं सांगत बसणार, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

"सुनेचं हाय ते," बाहेरून आवाज आला. "तिला ईचार."

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही.