चार बोटांची फट

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ठिणगी म्हणायचे. हे नाव वेल्डिंगमुळे पडलंय, अशी समजूत फक्त त्याची एकट्याची होती. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. बस दहा मिनिटं उशिरा आली की राग, कुणी वाकडा गज सरळ आहे म्हणून हातात दिला की राग, आणि शाळेतल्या बाईंनी थोरल्या मुलीला “जरा हळू बोल” म्हटलं, तर मग विचारूच नका. आठवड्यातला एकच दिवस असा होता की तो चिडत नसे. रविवारी तो बायकोपोरांना घेऊन टाकीमागच्या मैदानावर जायचा.

मैदान म्हणजे तरी काय. पाणीखात्याची उंच टाकी, तिच्यामागे दोनेक एकर मोकळी जागा, सात-आठ झाडं, मधे एक उंचवटा. ना झोपाळे, ना घसरगुंडी. पण थोरली पाच वर्षांची, धाकटा साडेतीनचा. या वयात घसरगुंडी लागतेच कुणाला? थंडीत ऊन टाकीच्या आडून नऊला बाहेर यायचं. तोवर चौघं टाकीच्या भिंतीला पाठ लावून, कानटोप्या घालून बसायची आणि तोंडातून वाफा कुणाच्या लांब जातात ते बघायची. पानगळीत धाकट्याला गळ्यापर्यंत पानांत पुरायचं आणि “अरे, आमचा मुलगा कुठं गेला?” म्हणत त्याच्याच भोवती हिंडायचं. पावसाळ्यात छत्री न्यायला बंदी. डबकी काठीने मोजायची, सर्वांत खोल डबकं ज्याला सापडेल त्याने पहिली उडी मारायची. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला निघायचं आणि आठाच्या आत घरी. बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात सहा दिवस चादरी पिळायची, ती रविवारी गवतावर आडवी व्हायची आणि सांगायची, “मला आता कुणी हाक मारू नका.” दर दोन मिनिटांनी कुणीतरी मारायचंच.

ठिणगी तेव्हा तिच्याशेजारी मांडी घालून बसायचा आणि पोरांकडे बघायचा. बस, एवढंच. आठवडाभर काळ्या काचेतून बघणाऱ्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी बघायला काहीतरी हवंच की.

आणि मग याच शहाण्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

झालं असं. वर्कशॉपला कुंपणाचं मोठं काम आलं. त्या वर्कशॉपची पद्धत अशी, की काम कुठे लागणार हे कारागिराला सांगायचं नाही आणि कारागिराने विचारायचं नाही. मालक कागदावरचं माप खडूने जमिनीवर काढणार, वर कामाचा नंबर टाकणार, की सुटा. नऊ वर्षांत ठिणगीने एकदाही “हे कुठं जाणार?” असं विचारलं नव्हतं. मात्र या वेळी माप बघून त्याचं डोकं सटकलं. दोन गजांमधली फट चांगली सहा-सात बोटांची होती.

“हे कुणी काढलंय?” त्याने मालकाला विचारलं. “यातून पोराचं अंग जातं आणि डोकं अडकतं. घरी कुणाला पोरंबाळं आहेत की नाहीत?”

“कागदावर आहे तसं कर ना बाबा.”

“नाही करणार. चार बोटांची फट ठेवतो. चार बोटांपलीकडे एक केस नको.”

मालक कुरकुरला, लोखंड जास्त लागेल म्हणाला. पण ठिणगीपुढे कुणाचं काही चालायचं नाही. शेवटी काम देणाऱ्या साहेबांकडून निरोप आला: सूचना चांगली आहे, तसंच करा. ठिणगीची छाती दोन इंच फुगली. तीन आठवडे त्याने डोळ्यांत तेल घालून काम केलं. प्रत्येक फटीत स्वतःचा पंजा घालून बघितला, प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत केला, कुणा पोराचा हात कापायला नको म्हणून. घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा, “आता मुंगी जाईल, पण मूल जाणार नाही.”

पानगळीतला पहिला रविवार. चौघं कोपऱ्यावरून वळली आणि ठिणगी जागच्या जागी उभा राहिला. मैदानाच्या चारी बाजूंना कुंपण. उंच, हिरवं, नवंकोरं. जवळ जाऊन बघायची गरजच नव्हती. स्वतःचं वेल्डिंग माणूस स्वतःच्या अक्षरासारखं ओळखतो.

धाकट्याने आधी हात घातला. मग खांदा घालून बघितला. मग कपाळ गजांना टेकवून आतल्या पानांकडे बघत राहिला. थोरली कुंपणाच्या कडेकडेने पळत पूर्ण फेरी मारून आली आणि धापा टाकत म्हणाली, “बाबा, दार कुठेच नाहीये.”

“डोकं अडकत नाहीये हां,” बायको म्हणाली. “चांगलं केलंत.”

तिला चिडवायचं नव्हतं, पण वाक्य तोंडातून गेलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोचा नव्हे, त्याला स्वतःच्या दोन हातांचा राग आला, आणि स्वतःच्या हातांवर ओरडता येत नाही म्हणून तो पोरांवर ओरडला. “चला घरी. गजांना हात लावू नका.” रविवारी तो पोरांवर पहिल्यांदाच ओरडला होता. धाकटा वाटभर रडत गेला.

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो पाणीखात्यात गेला. साहेब तसा सभ्य माणूस. बसा म्हणाला, कागद काढून दाखवला. फाटक मंजूर होतं, पण पुढच्या टप्प्यात. आधी कुंपण, मग फाटक.

“म्हणजे आधी भिंत बांधायची आणि दार मागाहून बघायचं?”

“तसं नाही हो. टप्पे असतात.”

“पुढचा टप्पा कधी?”

“पुढच्या वर्षी होऊन जाईल. एक वर्षाचा तर प्रश्न आहे.”

एक वर्षाचा तर प्रश्न आहे. ठिणगीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. “साहेब,” तो म्हणाला, आणि नवल म्हणजे आवाज न चढवता म्हणाला, “माझी मुलगी पाच वर्षांची आहे. पुढच्या वर्षी सहाची होईल. या वर्षीची पाचची मी कुठून आणू? मुलगा पानांत लपतो आणि त्याला खरंच वाटतं की आम्हाला तो दिसत नाही. पुढच्या वर्षी त्याला कळलेलं असेल. मग त्या फाटकाचं मी काय करू?”

साहेबांनी मान हलवली. ही मान कशी हलते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती वर-खालीही नसते आणि आडवीही नसते. “अर्ज देऊन ठेवा,” साहेब म्हणाले.

अर्ज दिला. वाटाण्याच्या अक्षता. आजूबाजूच्या इमारतींत पंधरावीस घरं पोराबाळांची होती. ठिणगी संध्याकाळी दारोदार फिरला. सगळे हळहळले. “कुणीतरी बोललं पाहिजे,” असं प्रत्येक जण त्याला सांगत होता. जो बोलत होता त्यालाच सांगत होता. सहीला कागद पुढे केला की एकाचा चष्मा सापडेना, दुसऱ्याची बायको घरात नव्हती. असली माणसं. पुढचे चार रविवार पोरं गॅलरीत बसून एकमेकांच्या अंगावर पेन्सिली फेकत होती आणि तिकडे मैदानात पानांचे ढीग आतल्या आत कुजत होते.

पाचव्या आठवड्यात ठिणगीने तुकड्यांच्या ढिगातून लोखंड निवडलं आणि मालकाच्या देखत, जेवणाच्या सुट्टीत, फाटकाची चौकट उभी केली. मालकाने विचारलं, “हे कुणाचं?” ठिणगी म्हणाला, “माझं.” मालकाला वाटलं, घरचं काहीतरी असेल.

शनिवारी दुपारी, लख्ख उजेडात, तो ग्राइंडर घेऊन कुंपणापाशी गेला. चोरी करायची नव्हती, म्हणून लपायचंही नव्हतं. टाकीचा पहारेकरी धावत आला.

“अहो, हे काय करताय? मला साहेबांना सांगावं लागेल.”

“सांगा की. माझं नाव नीट सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नको.”

त्याने गज कापले, कडा घासल्या, चौकट बसवली, बिजागऱ्यांना तेल घातलं. कडी अशा उंचीवर लावली की मोठ्यांचा हात पुरेल आणि पोरं एकटी रस्त्यावर पळणार नाहीत. रागात माणसं काम बिघडवतात. हा रागात असला की त्याचं काम जास्तच चोख व्हायचं. रविवारी चौघं आत गेली. धाकटा पानांत शिरला. ते पाहून पंधरावीस घरांतले सगळे चष्मे आणि सगळ्या बायका अचानक सापडल्या, आणि अकरा वाजेपर्यंत मैदान पोरांनी भरून गेलं.

सोमवारी मालकाने त्याला बोलावलं. साहेबांचा फोन येऊन गेला होता.

“जा आणि ते बंद करून ये. आपल्या कामाची हमी आहे, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

“माझ्या हातून होणार नाही. दुसऱ्याला पाठवा.”

“तूच केलंयस, तूच बुजवायचं. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

नऊ वर्षं. ठिणगीने काळ्या काचेचा मुखवटा खुंटीला लावला, हातमोजे त्याखाली ठेवले आणि निघाला. पाठीमागून कुणीतरी हाक मारली, पण ओ दिली तर तो ठिणगी कसला.

गंमत पुढेच आहे. फाटक कुणी बुजवलंच नाही. साहेब स्वतः येऊन बघून गेले, कडी दोनदा लावून-काढून पाहिली, आणि काम पसंत पडलं असावं, कारण पंधरा दिवसांनी तिथे पाटी लागली: नागरिकांच्या सोयीसाठी, पाणीखाते. पुढचा टप्पा वेळेआधी पूर्ण. मालकाचाही निरोप आला, झालं गेलं विसरू, ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द म्हण आणि ये. बायको म्हणाली, “म्हणा हो. दोनच शब्द आहेत.” ठिणगी म्हणाला, “एकही नाही.” ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचंही बरोबर होतं, आणि तिचं बरोबर आहे हे कळत असल्याने तो आणखीच भडकत होता.

काम मिळालं ते बसच्या सांगाड्यांच्या कारखान्यात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी सात ते संध्याकाळी सात. तिथली साप्ताहिक सुट्टी बुधवारी. बुधवारी बायको धुलाईघरात, थोरली शाळेत, धाकटाही आता बालवाडीत. ठिणगी घरात एकटा बसून नळाचे वायसर बदलत राहायचा, गळत नसले तरी.

उन्हाळा तोंडावर आला होता. एका रविवारी तो घरी आला तर धाकटा दारातच उभा, दोन्ही गुडघे खरचटलेले आणि तोंड फुललेलं.

“बाबा, मला सायकल आली. दोन चाकांची. कुणी न धरता.”

“खरं की काय?”

“उंचवट्यापासून झाडापर्यंत,” थोरली म्हणाली. “आधी धरली होती. मग सोडली, आणि याला कळलंच नाही.”

ठिणगी बुटांची नाडी सोडता सोडता थांबला. “धरली कुणी होती?”

“समोरच्या इमारतीतल्या काकांनी,” बायको आतून म्हणाली. “चष्मेवाले. बिचारे तासभर वाकून पळत होते याच्यामागे.”

त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याचा ठिणगीला जितका राग आला, तितका साहेबाचा आला नव्हता, मालकाचा आला नव्हता. त्या माणसाने काहीही वाईट केलं नव्हतं. उघड्या फाटकातून आत आला होता आणि एका पोराच्या सायकलमागे पळाला होता.

“बाबा, तू रागावलास?” धाकट्याने विचारलं.

“हो.”

“माझ्यावर?”

“नाही रे,” ठिणगी म्हणाला. त्याने पोराला उचलून मोरीत नेलं, खाली बसवलं आणि त्याचे गुडघे धुवायला घेतले.