धोंड्याचा जावई उभाच राहिला

चहा ओता, पण एक आधी कबूल करा. मधेच कुणी हसायचं नाही. कारण ही फजिती शरीराच्या अशा भागाची आहे, की चारचौघांत त्याचं नावसुद्धा घेता येत नाही. मला मात्र ती फजिती अख्ख्या भावकीसमोर कबूल करावी लागली.

तर माझं मलकापुरात चष्म्याचं दुकान. दिवसभर पंख्याखाली बसायचं आणि लोकांच्या नाकावर फ्रेमा ठेवून बघायच्या, हे माझं काम. सासुरवाडी कुंडलची. सासरे फौजेतून हवालदार होऊन आले, आता ऊस बघतात. त्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामी माहेरच्या माणमधल्या, दहिवडीकडच्या. अख्खं लहानपण मेंढरांमागं उघड्या रानात गेलेलं. बाईमाणूस वाऱ्याचा वास घेऊन सांगते, पाऊस आज येणार की उद्या. आणि तो येतो हो! मोबाईलवरचा अंदाज चुकतो, मामींचा नाही.

अशा बाईचा मी जावई. लग्नाला चार वर्षं झाली, पण मामींनी मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त एकदा शेजारणीशी बोलताना माझ्या कानावर पडलं, "पाव्हणं लय गुणाचं हायती. पर सावलीतलं हायती."

ते 'सावलीतलं' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. काय वाटेल ते करीन, पण मामींच्या तोंडून एकदा तरी 'आमचं पाव्हणं रानातलं गडी हायती' हे ऐकीनच, असं मी ठरवून टाकलं.

म्हणून ट्रेकवाल्यांच्या एका ग्रुपात शिरलो. भर पावसात कोयनेकडच्या जंगलात दोन रात्री राहायचं ठरलं. तिथं खाली जळवा आणि वर डास, त्यामुळं जमिनीवर झोपायची सोय नाही. दोन झाडांना हॅमॉक टांगायचा आणि त्यात झोपायचं.

आता हॅमॉक निवडणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. दोन महिने मी व्हिडिओ बघितले. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि मी त्याला नंबर सांगायच्या ऐवजी ग्रॅम सांगायचो. शेवटी एक सापडला. डासांची जाळी वरून शिवलेलीच, बाजूला चेन, झाडाला रुंद पट्टे. सगळी घडी नारळाएवढ्या पिशवीत बसणारी. त्यातही दोन प्रकार होते. डास असतील तिथं खालचं कापड दुहेरी घ्या, असं स्पष्ट लिहिलेलं. पण दुहेरी कापडाला वजन जास्त. मी म्हटलं, अरे जाळी आहे ना? डास काय खालून येणार आहेत? आणि घेतला एकेरी.

वजनाचं वेड एवढं वाढलं, की शेजारच्या सोनाराच्या काट्यावर मी तो हॅमॉक मोजून घेतला. तरी समाधान होईना. मग दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापला, वजन वाचावं म्हणून. बायकोनं, रूपालीनं, ते तुकडे बघितले. मग नुसती माझ्या पोटाकडं बघत राहिली.

तेवढ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलवून धोंड्याचं जेवण घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या अधिकात कोरोना होता, त्यामुळं माझा हा पहिलाच धोंडा. मामींनी आठ दिवस आधीपासून अनारशांचं पीठ केलेलं. भावकी सांगून ठेवलेली. आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो, आणि मी पिशवी काढली. म्हटलं, चला, मळ्यात हॅमॉक बांधून दाखवतो.

विहिरीजवळ आंब्याची दोन झाडं आहेत, पलीकडं लगेच ऊस. मी पट्टे बांधले. मामी डोक्यावर पदर घेऊन बघत होत्या. आधी त्यांनी झाडाकडं बघितलं, खोडावर लाल मुंग्यांची रांग होती. लगेच विहिरीवरच्या इंजिनाच्या डिझेलमध्ये दोन चिंध्या बुडवल्या आणि दोन्ही पट्ट्यांना एकेक गाठ मारली. मुंग्या गाठीपाशी आल्या आणि माघारी फिरल्या. दोन महिन्यांच्या व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

मग त्यांनी कापड दोन बोटांत धरलं, उजेडाकडं केलं. "पाव्हणं, ही झोळी लय झिरझिरीत हाय. अंग टेकलं की खालनं डास फोडून काढत्याल. आमी प्वारांच्या झोळीखाली घोंगडं टाकायचो. घरात नवं हाय, आणू का?"

आणि मी काय केलं? मी हसलो. म्हटलं, "मामी, घोंगडं दोन किलोचं असतं. ते वाहून कोण नेणार? आणि हे बघा, जाळी आहे." चेन वरखाली करून दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग." जावयाशी वाद घालायची त्या घरात रीत नाही. मुंग्यांचं मी ऐकलं, डासांचं ऐकलं नाही.

पातळ सुती पॅन्ट घालून आत शिरलो, चेन लावली. वर जाळीवर डास येऊन बसत होते, मी आतून त्यांना वाकुल्या दाखवत होतो. काय झोप लागली म्हणून सांगू! खरं सांगतो, हॅमॉकसारखं सुख नाही. तीनला झोपलो तो दिवेलागणीला रूपालीनं हाक मारली तेव्हा उठलो.

उठलो, चार पावलं चाललो आणि कळलं. वरचे डास नुसते तोंड दाखवायला होते. उसातली खरी पलटण खाली लागलेली होती. माझं वजन जिथं जिथं कापडाला घट्ट टेकलं होतं, तिथं तिथं जेवणावळ उठली होती. आणि माणसाचं वजन सगळ्यात जास्त कुठं टेकतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण कबूल कसं करणार? रानातला गडी व्हायला निघालेलो ना मी. रात्र पालथा झोपून काढली. रूपालीलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराचा पुढचा सोपा माणसांनी भरलेला. मधे पाट, भोवती रांगोळी, समोर ताटात तेहतीस अनारसे आणि मधोमध दिवा. नवे कपडे चढवून मला पाटावर बसवलं. बसलो, आणि दुसऱ्या क्षणी उभा राहिलो.

"बसा की," मामा म्हणाले.

"नको, उभाच बरा आहे."

सोप्यातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि एक चुलत आजेसासू सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "पाव्हणं रुसलं."

झालं. धोंड्याचा जावई पाटावरून उठला, तर आपल्याकडं त्याचा दुसरा अर्थच होत नाही. आहेर मनासारखा नाही, हाच अर्थ. मी "तसं काही नाही" म्हणायला लागलो, तर ते आजेसासूला आणखीच पटलं. रुसलेला जावई असंच म्हणतो म्हणे.

मामा उठून आत गेले. फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ घेऊन आले आणि गपचूप माझ्या मनगटावर बांधलं. मी उभाच. मग माझ्या मेव्हण्यानं, ज्याची मोटारसायकल घेऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तोंड पांढरं करून किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी तरी उभाच. रूपाली माझ्याकडं अशी बघत होती, की डास परवडले.

आणि मग मामी पुढं आल्या. हातात ओवाळायचं तबक, डोळे भरलेले. हळूच म्हणाल्या, "माज्या हातनं काय चुकलं का, पाव्हणं?"

आठ दिवस राबलेली बाई, आणि माझ्या खोट्या ऐटीपायी भावकीसमोर तिची मान खाली. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मी घड्याळ काढलं, किल्ली परत दिली आणि म्हटलं, "मामी, चूक माझी आहे. डास चावले."

"कुटं?"

मी नुसतं पाटाकडं बघितलं.

आधी रूपालीच्या तोंडातून हसू फुटलं. मग मेव्हणा हसला, किल्ली खिशात टाकत टाकत. मग अख्खा सोपा. मामासुद्धा भिंतीकडं तोंड करून हलत होते.

मामी तेवढ्या हसल्या नाहीत. तबक रूपालीच्या हातात देऊन आत गेल्या आणि काळंभोर, कोरं घोंगडं घेऊन आल्या. रूपाली नंतर म्हणाली, मी जंगलात झाडाला लटकून झोपणार हे कळल्यावर मामींनी ते खास माहेराहून विणून आणवलं होतं, माझ्या आहेरासाठी. मी आदल्या दिवशी वजनावरून हसलो, म्हणून त्यांनी ते आहेरातून काढून ठेवलं होतं. जावयाला आवडायचं नाही म्हणून.

"मी सांगितलं न्हवतं का" हे एवढं एक वाक्य बोलायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्या बोलल्या नाहीत. चार पदरी घडी घालून त्यांनी घोंगडं पाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "टेका आता." मी टेकलो. आणि सांगतो, घोंगड्याची लोकर टोचते म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी एकदा असे डास चावून घ्यावेत. नुसतं थोडं हललं, की आपोआप खाजवलं जात होतं. तेहतीसातले अकरा अनारसे मी तसाच हलत हलत खाल्ले.

कोयनेला मी घोंगडं घेऊन गेलो. हॅमॉकखाली बांधलं. खालून एकही डास चावला नाही. सकाळी ग्रुपातले सगळे पाठ खाजवत माझ्याभोवती जमले आणि हे कुठून घेतलं म्हणून विचारायला लागले. मी छाती फुगवून मामींचं नाव सांगितलं.

परत येऊन ते सगळं मामींना फोनवर सांगितलं. त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं, "आमचं पाव्हणं आता रानातबी ऱ्हात्यात." मी धन्य झालो. आणि मग मामी पुढं म्हणाल्या, "बसायला घोंगडं दिलं, की झालं."

दोन किलोचं घोंगडं आता कुठंही जाताना माझ्या पाठीवर असतं. आणि दात मात्र अजून त्या अर्ध्या ब्रशनंच घासतो, दोन बोटं तोंडात घालून. रूपाली नवा घेऊ देत नाही. म्हणते, वजन वाढेल.