गॅलरीतली जागा

आई गेल्यावर दादाला डोंबिवलीहून आमच्या बाळकुमच्या घरी आणलं, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि मी बावन्न. दादा माझा मोठा भाऊ. त्याची समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. मात्र भेटेल त्याला तो ‘जेवलात का?’ विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतो, जे आमच्या घरात दुसरं कोणी करत नाही.

बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे एकच प्रश्न आला : याच्या वतीने सही कोण करणार? मी म्हटलं, मी, भाऊ आहे त्याचा. भाऊ असणं वेगळं आणि कायदेशीर पालक असणं वेगळं, असं कळलं. त्यासाठी ठाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, मग तिथली समिती ठरवणार.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेसला आहे. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय स्टेपलर घेत नाही. दादाची फाइल मी इतकी देखणी केली की क्लार्कने ती दोन्ही हातांनी घेतली. ‘अर्जदार पालकत्वास योग्य कसा?’ या रकान्यात मी लिहिलं, ‘लहानपणापासूनचा निकट सहवास’. लिहिताना हात जराही अडखळला नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मग समजलं की चौकशीला एक बाई घरी येणार. त्यांचा अहवाल बरा आला तर मी पालक, नाहीतर दादाची रवानगी एखाद्या संस्थेत. एका शेजाऱ्याचा जबाबही लागणार होता. मी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे गेलो. दादा येऊन दोन महिने झालेले, काकांना तो माझा कोणी लांबचा नातेवाईक वाटत होता.

“सख्खा भाऊ? तुम्ही तर एकुलते एक ना? गणपतीत तुम्हीच सांगितलेलं.”

सांगितलेलं खरं. अकरा वर्षं दर रविवारी डोंबिवलीला जायचो, ते सोसायटीच्या हिशेबी फक्त ‘आईकडे’. काका म्हणाले, असेल काही कारण, देतो जबाब. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बायकोलाही दादा लग्नानंतर तीन आठवड्यांनी कळला. स्थळासाठी केलेल्या माहितीपत्रकात मी ‘भावंडे’ हा रकानाच गाळला होता, आणि लग्नाच्या दिवशी दादा कल्याणला मावशीकडे. सगळं ऐकून ती म्हणाली, “एवढंच? मला वाटलं, तुमचं आधी एक लग्न झालंय.” त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. दादाशी मात्र पहिल्या दिवसापासून बोलते.

चौकशीच्या दिवशी दादाला इस्त्रीचा शर्ट घातला. बेल वाजली. बाई आल्या, सोफ्यावर बसल्या, काका बसले, चहा आला. मी फाइल उघडून खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली पानं दाखवू लागलो. पाचव्या पानावर बाईंनी विचारलं, “भाऊ कुठायत तुमचे?”

दादा नव्हता. बेडरूममध्ये नाही, बाथरूममध्ये नाही. ज्या माणसाचा सांभाळ मी करतो असं कागदावर लिहिलेलं, तोच त्या कागदाच्या तपासणीत हरवलेला. मी लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरून वॉचमनला विचारून आलो. धापा टाकत वर येतो तर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. पलीकडच्या गॅलरीत, जिला आमचा बिल्डर ड्राय बाल्कनी म्हणतो, वॉशिंग मशीनच्या मागे पालथ्या बादलीवर दादा बसला होता. हात गुडघ्यांवर, आवाज नाही.

बाईंनी विचारलं, “इथे का बसलात दादा?”

“पाहुणे आलेत ना. पाहुणे आले की इथे बसायचं,” तो म्हणाला. मग हळूच, “गेले का?”

“लाजाळू आहे जरा,” मी म्हणालो.

“यानेच सांगितलंय,” दादा म्हणाला. मोठ्या कौतुकाने.

पुष्कळ वर्षं मी हे आईवर ढकललं होतं. आईने एवढंच केलं की त्याला गॅलरीत एक स्टूल दिलं आणि पाहुण्यांच्या आधी पोह्यांची बशी त्याच्याकडे नेली. नियम माझा. कॉलेजातले मित्र डोंबिवलीच्या घरी येणार होते, तेव्हा मी म्हटलेलं, दादा, पाहुणे आले की गॅलरीत बसायचं, तिथून रिक्षा दिसतात. त्याने तो नियम कधी मोडला नाही. माझ्या ड्राय बाल्कनीतून रिक्षाही दिसत नाहीत. समोर फक्त दुसऱ्या विंगची भिंत.

हे सगळं मी बाईंना तिथेच, वॉशिंग मशीनला टेकून सांगितलं. काका हातात कप धरून ऐकत होते. बाईंनी काही लिहिलं नाही. पेन बंद करून म्हणाल्या, “तीन आठवड्यांनी परत येईन. तेव्हा दार यांनी उघडायला हवं.”

आम्ही तालीम सुरू केली. बायको बाहेर जाऊन बेल वाजवायची आणि दादा गॅलरीत. काका स्वतःहून पाहुणे झाले, दिवसातून दोनदा बूट घालून समोरच्या दारातून यायचे. दादा गॅलरीत. मी समजावलं, चिडलो, जिलेबीची लालूच दाखवली. दादा जिलेबी घेऊन गॅलरीत.

बाई यायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, “इतकी वर्षं भाऊजी बसले. उद्या तुम्ही बसा. जागा एकच आहे तिथे.”

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी बादलीवर होतो. दादा आला. मला बघून थांबला. माझ्या आजूबाजूला नजर टाकली, दुसरी जागा नव्हती. बेल पुन्हा वाजली. बायको हॉलमध्येच होती, पण जागची हलली नाही. दादा वळला. मग कडी काढल्याचा आवाज आला.

“जेवलात का?”

“जेवून आलेय,” बाईंचा आवाज. “भाऊ कुठाय तुमचा?”

“गॅलरीत. पाहुणे आलेत ना.”

मी उठायला हवं होतं. फाइल हॉलमध्ये, टीपॉयवर होती. तरी मी बसून राहिलो. हात गुडघ्यांवर होते, ते कधी ठेवले आठवत नाही. आत गप्पा चाललेल्या, दादाच जास्त बोलत होता. मी असा कधी तासभर बसलेलो नाही. दहा मिनिटांतच कंबर भरून आली.

मग तो दारात आला. आईच्या हातात असायची तशी त्याच्या हातात पोह्यांची बशी होती. पण त्याने ती मला दिली नाही.

“ये रे बाहेर,” म्हणाला. “बाई चांगल्या आहेत.”

कागद महिन्याभराने आला. त्यावर पालक म्हणून माझं नाव आहे, दादाचं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ते पटलेलं नाही. मलाही नाही.